गॅस्ट्रोच्या संशोधकाचे पेपर आणि सायटेशन: हिशेब कसा लावायचा

बढतीच्या अर्जात एक छोटी चौकट असते: एच-इंडेक्स, म्हणजे पेपरची संख्या आणि त्यांची सायटेशन (पुढच्या पेपरांत झालेले उल्लेख) एकत्र धरून काढलेला आकडा. तिथे १४ लिहा नाहीतर २१, वाचणाऱ्याला फारसे काही कळत नाही. आकडा कोणत्या डेटाबेसचा, कोणत्या दिवशीचा, त्यात दुसऱ्याच कुणा जोशींचे पेपर शिरलेत का, हे सगळे चौकटीबाहेरच राहते. फाइल तयार करणारे सहयोगी प्राध्यापक, ती तपासणारे निवड समितीवरचे ज्येष्ठ आणि दोघांच्या मध्ये अडकलेले कॉलेजचे ग्रंथपाल, तिघांनाही उपयोगी पडावी अशी ही पद्धत आहे. पोटविकार आणि यकृतविकार या विषयात नोंदी गोंधळण्याच्या काही खास जागा आहेत, म्हणून उदाहरणे तिथलीच घेतली आहेत.

क्रम एकच: आधी यादी स्वच्छ करायची, मग मोजायचे, मग निवडक सायटेशन उघडून वाचायची. बहुतेक जण दुसऱ्या पायरीपासून सुरू करतात, कारण गुगल स्कॉलर आकडा तयार करूनच ठेवतो.

नाव सापडले की अर्धे काम झाले

डेटाबेसला माणूस दिसत नाही, आडनाव आणि आद्याक्षरे दिसतात. ‘पाटील एस व्ही’ म्हणजे संजय, सुनीता, सचिन यांपैकी कुणीही. पबमेडमध्ये (वैद्यकीय लेखांच्या अमेरिकी शोधसाधनात) लेखकाचे पूर्ण नाव २००२ पासून नोंदले जाऊ लागले. त्याआधीच्या नोंदींत फक्त आद्याक्षरे आहेत. त्यात आपल्याकडे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर एका पेपरात असते, दुसऱ्यात गळते. लग्नानंतर आडनाव बदलले, किंवा दोन्ही आडनावे जोडून लिहिली, की एकाच बाईंच्या तीन नोंदी तयार होतात. चौधरी किंवा कुलकर्णी यांची इंग्रजी स्पेलिंगे किती, ते तुम्हाला माहीतच आहे.

म्हणून संगणक सुरू करण्याआधी एका कागदावर लिहून काढा: नावाची आजवर छापली गेलेली सगळी रूपे, काम केलेल्या संस्था आणि तिथली वर्षे, नेहमीच्या सहलेखकांची चारपाच नावे. संशोधक स्वतः हाताशी असेल तर हा कागद त्याच्याकडूनच भरून घ्या.

संस्थांच्या नावांनी फसगत होते ती अशी. केईएम हॉस्पिटल मुंबईत आहे आणि पुण्यातही आहे. दोन्ही वेगळ्या संस्था. मुंबईच्या केईएममधले लोक कधी हॉस्पिटलचे नाव देतात, कधी सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजचे. जीएमसी (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) म्हटले की नागपूर, छत्रपती संभाजीनगर, बांबोळी यांतले काहीही निघते. १९९५ आधीचे पत्ते ‘बॉम्बे’ म्हणून आहेत, आणि नुसते ‘बॉम्बे’ शोधले तर बॉम्बे हॉस्पिटलचे आजचे पेपरही वर येतात. शिवाय पबमेडमध्ये १९८८ ते २०१३ या काळात फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदला जाई. सगळ्या लेखकांचे पत्ते २०१४ पासून येतात. म्हणजे २००५ चा एखादा बहुकेंद्री पेपर घेतला आणि आपला माणूस त्यात चौथा असला, तर पत्त्यावरून शोधून तो सापडणारच नाही. पत्त्याचा उपयोग वगळण्यासाठी करू नका, फक्त खात्री करण्यासाठी करा.

पबमेडमध्ये शोधताना नाव इंग्रजीतच टाकायचे: आधी आडनाव, मग एक जागा सोडून आद्याक्षरे, मध्ये टिंब किंवा स्वल्पविराम नाही, आणि शेवटी चौकटी कंसात ‘ए-यू’ ही दोन अक्षरे. एकच आद्याक्षर दिले तर पबमेड त्यापुढची सगळी रूपे आपणहून घेते; दोन दिली तर एका आद्याक्षराची नोंद सुटते. म्हणून पहिला शोध नेहमी एका आद्याक्षराचा घ्या, कितीही कचरा आला तरी. मग त्याला सहलेखकांची नावे, पत्ता, विषय असे जोडत गाळत जा. ‘वन-ए-यू’ ही खूण पहिला लेखक शोधते, ‘लास्ट-ए-यू’ शेवटचा. मोठ्या गटाच्या अभ्यासात नाव लेखकांच्या ओळीत नसून सहयोगी तपासनीसांच्या यादीत असते. त्यासाठी ‘आय-आर’ ही खूण आहे. हे पेपर यादीत घ्यायचेच असतील तर वेगळ्या शीर्षकाखाली घ्या. लेखक म्हणून त्यांची गणना करणे चूक आहे, आणि समितीच्या लक्षात आले तर महागात पडते.

जुन्या लोकांच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. १९८४ ते १९९५ या काळात मेडलाइन (पबमेडच्या आतली निवडक जर्नलांची सूची) एका पेपरचे पहिले दहाच लेखक नोंदत असे, १९९६ ते १९९९ मध्ये पंचवीस. १९९५ पर्यंतच्या त्या काळातल्या चाचणीत बारावे नाव असलेला माणूस तिथे सापडत नाही. अशा वेळी छापील पानाची प्रत हाच पुरावा.

ऑर्किड (संशोधकाची ओळख पटवणारा) क्रमांक असेल तर काम पुष्कळ हलके होते. सोळा आकड्यांचा हा क्रमांक २०१२ पासून मिळतो; शेवटच्या जागी कधी आकड्याऐवजी एक्स असतो, ती छपाईची चूक नाही. पण ऑर्किडवरची यादी संशोधकाने स्वतः भरलेली असते. क्रमांक आहे म्हणून यादी पूर्ण आहे, असे धरू नका. पुष्कळ खाती उघडल्या दिवशी जितकी भरली तितकीच राहतात.

सरावासाठी एक नमुना: बॅरी मार्शल

हात बसवायचा तर ज्याचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे असा संशोधक घ्यावा. जठरातल्या जंतूचा अल्सरशी संबंध दाखवणारे ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. मार्शल यांची यादी बनवायला घेतली की जवळजवळ प्रत्येक खड्डा वाटेत येतो.

पहिला खड्डा १९८३ चा. ‘लॅन्सेट’मध्ये जूनमध्ये जे छापून आले ते एका शीर्षकाखालची दोन स्वतंत्र पत्रे होती, एक वॉरन यांचे, एक मार्शल यांचे. डेटाबेसांत आणि पुढच्या असंख्य संदर्भयाद्यांत ती दोघांचा एकच पेपर म्हणून वावरतात, आणि तिथे मार्शल यांचे एकच आद्याक्षर आहे. दोन आद्याक्षरे टाकून शोधणाऱ्याच्या यादीतून नोबेलची सुरुवातच गळते. दुसरा खड्डा प्रकाराचा: हे पत्र आहे, मूळ संशोधन लेख नव्हे. १९८४ चा ‘लॅन्सेट’मधला पेपर हा लेख. ‘फक्त मूळ लेख’ अशी गाळणी लावली तर पत्र जाते. १९८५ चा, स्वतः जंतू पिऊन पाहिल्याचा वृत्तांत ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’त आहे, केवळ गॅस्ट्रोची जर्नले चाळणाऱ्याला तो दिसणार नाही.

तिसरा खड्डा जंतूच्या नावाचा. आधी त्याला कॅम्पिलोबॅक्टर पायलोरिडिस म्हणत, मग कॅम्पिलोबॅक्टर पायलोरी, आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव आले १९८९ मध्ये. शीर्षकात हेलिकोबॅक्टर शोधले तर पायाभूत पेपरच बाहेर राहतात. १९८८ ची अल्सर पुन्हा उद्भवण्याबद्दलची ‘लॅन्सेट’मधली चाचणीही कॅम्पिलोबॅक्टर याच नावाने आहे. आजच्या यकृततज्ज्ञांच्या यादीत हाच प्रकार चालू आहे: यकृतात चरबी साठण्याच्या आजाराचे नाव नॅफ्ल्ड होते, त्याचे २०२० मध्ये काहींनी मॅफ्ल्ड केले, २०२३ मध्ये मॅस्ल्ड झाले. एकाच आजारावर आयुष्यभर काम करणारा माणूस विषयाच्या शोधात तीन तुकड्यांत सापडतो.

चौथा पत्त्याचा: १९८६ नंतर दहाएक वर्षे मार्शल अमेरिकेत, व्हर्जिनिया विद्यापीठात होते. पर्थ लावून गाळले तर ती वर्षे कोरी दिसतील.

आणि शेवटचा खड्डा मोजणीचा. स्कोपस या सायटेशनच्या डेटाबेसात सुरुवातीला १९९६ पासूनच्या पेपरच्याच संदर्भयाद्या होत्या. त्या नंतर १९७० पर्यंत मागे नेल्या गेल्या. म्हणजे एखाद्या जुन्या लेखात ‘स्कोपसनुसार इतकी’ असा आकडा दिसला तर तो आजच्या आकड्याशी जुळणार नाही, आणि फरक सगळाच नव्या सायटेशनांचा नसेल.

तक्ता

आता तक्ता करा. एक पेपर, एक ओळ. स्तंभ असे: पबमेड क्रमांक, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक), शीर्षक, जर्नल, वर्ष, प्रकार, लेखकसंख्या, आपल्या माणसाचे स्थान, पत्रव्यवहाराचा लेखक तोच का, छापलेला पत्ता, तीन डेटाबेसांची (वेब ऑफ सायन्स, स्कोपस, गुगल स्कॉलर) सायटेशन तीन वेगळ्या स्तंभांत, आकडा घेतल्याची तारीख, दुरुस्ती किंवा माघार, शेरा. पबमेडमधून सेव्ह करताना सगळे निकाल आणि सीएसव्ही हा प्रकार निवडला की पहिले पाच स्तंभ आपोआप मिळतात. ती फाइल एक्सेलमध्ये थेट दोनदा टिचकी मारून उघडू नका. पानांचा आकडा ५-१२ असा सुट्या स्तंभात असेल तर एक्सेल त्याची तारीख करून टाकते आणि परदेशी सहलेखकांची नावे चिन्हांची खिचडी होतात. डेटा आयात करा, स्तंभ मजकूर म्हणून धरा, मग हा त्रास होत नाही.

प्रकाराचा स्तंभ कंटाळवाणा वाटतो, पण गॅस्ट्रोमध्ये सगळी मेख तिथेच आहे. या शाखेत परिषदांचे सारांश भरपूर. अमेरिकेतल्या डायजेस्टिव्ह डिसीज वीकचे सारांश ‘गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’ या जर्नलच्या पुरवणीत येतात, आपल्या इस्गकॉनचे (भारतीय पोटविकार संघटनेच्या वार्षिक परिषदेचे) ‘इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’च्या पुरवणीत. पुरवणीतल्या सारांशालाही जर्नलचे नाव, खंड, पान असते, आणि तो यादीत शेजारच्या पूर्ण पेपरसारखाच दिसतो. वर्षभराने तेच काम पूर्ण पेपर म्हणून आले की एका अभ्यासाच्या दोन ओळी झाल्या. पानाच्या आकड्याआधी इंग्रजी एस असेल तर पुरवणीचा संशय घ्यावा. सारांश बहुधा एका पानाचा असतो. त्याखेरीज एंडोस्कोपीची चित्रे, कोडे म्हणून छापलेली प्रकरणे, संपादकाला पत्रे, संपादकीये. हे सगळे वैध लेखन आहे, लपवायचे कारण नाही, पण मूळ संशोधनाच्या बेरजेत घालू नये.

लेखकाचे स्थान: वैद्यकात पहिला लेखक बहुतांश काम केलेला, शेवटचा विभागाचा किंवा प्रकल्पाचा धुरीण, असा संकेत आहे. मधल्या नावांबद्दल क्रमांकावरून काही सांगता येत नाही. पेपरच्या शेवटी लेखकांच्या योगदानाचा परिच्छेद असेल तर तो वाचा. संयुक्त पहिला लेखक असेल तर तारांकन पेपरच्या पहिल्या पानावर असते, पबमेडच्या निकालांच्या यादीत ते दिसत नाही. तक्त्यात तसे लिहा, नाहीतर दुसऱ्या क्रमांकावर छापलेल्या मुलीचे श्रेय जाते.

‘पबमेड इंडेक्स्ड’ हा शब्दप्रयोग मात्र सोडून द्यावा. पबमेड हे शोधाचे दार आहे. त्याच्या आत मेडलाइनची निवडलेली जर्नले आहेत, आणि पबमेड सेंट्रलमध्ये पूर्ण मजकूर ठेवलेली इतरही. अर्थसाहाय्याच्या अटीमुळे ठेवलेला एकटादुकटा पेपरही तिथे दिसतो. त्याचे जर्नल मेडलाइनमध्ये असेलच असे नाही. जर्नल मेडलाइनमध्ये आहे का, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये जर्नलच्या नावाने पाहता येते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अध्यापक-पात्रतेच्या नियमांत कोणत्या सूच्या आणि लेखकाचे कोणते स्थान ग्राह्य, हे ठरवलेले असते, आणि हे नियम बदलत आले आहेत. सहकाऱ्याने दोन वर्षांपूर्वी भरलेला फॉर्म नमुना म्हणून वापरण्यापेक्षा चालू अधिसूचना उघडा.

जर्नलची जुळी नावे

‘गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’, ‘जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’, ‘जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी अँड हिपॅटॉलॉजी’ आणि ‘क्लिनिकल गॅस्ट्रोएंटरॉलॉजी अँड हिपॅटॉलॉजी’ ही चार वेगळी जर्नले आहेत. ‘हिपॅटॉलॉजी’ अमेरिकन संघटनेचे, ‘जर्नल ऑफ हिपॅटॉलॉजी’ युरोपियन संघटनेचे, ‘हिपॅटॉलॉजी इंटरनॅशनल’ आशिया-पॅसिफिकचे, ‘हिपॅटॉलॉजी रिसर्च’ जपानचे. ‘गट’ वेगळे, कोरियातले ‘गट अँड लिव्हर’ वेगळे. एक शब्द गळला की पेपर भलत्याच घरी जातो. टंकलिखित बायोडेटात हे नेहमी होते, आणि बहुतेक वेळा चुकून. तरी तपासणाऱ्याने डीओआय दाबून पाहावाच. जर्नल ओळखण्याची भरवशाची खूण आयएसएसएन क्रमांक. खऱ्या जर्नलसारखे नाव घेऊन पैसे उकळणारी संकेतस्थळे त्यानेच उघडी पडतात.

जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर थोडक्यात: २०२४ चा फॅक्टर म्हणजे २०२२ आणि २०२३ मध्ये छापलेल्या मजकुराला २०२४ मध्ये मिळालेली सायटेशन, भागिले त्या दोन वर्षांतले लेख आणि परीक्षणे. भागाकारातल्या वरच्या आकड्यात पत्रांची आणि संपादकीयांची सायटेशन धरली जातात, खालच्या आकड्यात ती पत्रे धरली जात नाहीत. तो जर्नलचा गुण आहे, तुमच्या पेपरचा नाही. बायोडेटात प्रत्येक पेपरपुढे फॅक्टर लिहून खाली त्यांची बेरीज करण्याची एक पद्धत पडली आहे; ती बेरीज कशाचीच नसते. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या डोरा या संशोधन-मूल्यमापनाच्या जाहीरनाम्याची मुख्य तक्रारच ही होती.

मोजणी

तीन डेटाबेस तीन आकडे देतील. वेब ऑफ सायन्सचा मुख्य संग्रह निवडक, म्हणून त्याचा आकडा बहुधा सर्वांत लहान. स्कोपस मधला. गुगल स्कॉलर प्रबंध, पुस्तके, प्रीप्रिंट, संकेतस्थळावरची पीडीएफ सगळे मोजतो, म्हणून सर्वांत मोठा. कोणता खरा, हा प्रश्न निरर्थक आहे. तिन्ही आपापल्या गोतावळ्यात खरे आहेत. चूक होते ती एकाचा स्कॉलरचा आकडा दुसऱ्याच्या स्कोपसच्या आकड्याशी ताडून पाहिल्याने. सदस्यत्व नसेल तर स्कोपस प्रीव्ह्यूमध्ये लेखकाचे पान फुकट दिसते, आणि ओपनअ‍ॅलेक्स हा डेटाबेस पूर्ण खुला आहे.

स्कॉलरच्या प्रोफाइलमध्ये नवे पेपर आपोआप चढवण्याची सोय असते. ती बंद करून ‘आधी मला विचारा’ हा पर्याय निवडा, नाहीतर सहा महिन्यांत समान नावाच्या माती-परीक्षण तज्ज्ञाचे पेपर यकृतावरच्या यादीत दिसू लागतात. दुहेरी नोंदी एकत्र करा. स्कोपसमध्ये उलटा आजार: एकाच माणसाची दोनतीन लेखक-पाने. ती जोडण्याची विनंती तिथल्याच सुधारणा-फॉर्मवरून करता येते. अर्जाची मुदत आठ दिवसांवर आल्यावर ती करू नका.

आता एच-इंडेक्स हाताने काढून पाहू. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेली ही मोजपट्टी: निदान एच वेळा उद्धृत झालेले एच पेपर. समजा, एका संशोधकाचे १२ पेपर आहेत आणि उतरत्या क्रमाने सायटेशन अशी:

३१०, ९६, ४४, ३१, २२, १५, ११, ९, ८, ४, ३, ०

क्रमांक आणि आकडा जोडीने पाहत जायचे. आठव्या पेपरला ९, म्हणजे आठाहून जास्त, चालले. नवव्याला ८, नवाहून कमी, थांबा. एच-इंडेक्स ८. दहा किंवा जास्त सायटेशनवाले पेपर ७, म्हणजे स्कॉलरचा आय-टेन ७. एकूण बेरीज ५५३.

आता ३१० वाला पेपर ही वीस देशांच्या तज्ज्ञांनी मिळून लिहिलेली मार्गदर्शिका आहे आणि आपला माणूस त्यात तेविसावा आहे असे समजा. तो काढून टाका. बेरीज २४३ वर येते, निम्म्याहूनही खाली. एच-इंडेक्स पुन्हा मोजा: ९६, ४४, ३१, २२, १५, ११, ९, ८. आठव्याला ८. एच-इंडेक्स आठच! उलट, मूळ यादीतल्या ९ वाल्या पेपरमधली फक्त दोन सायटेशन स्वतःचीच निघाली आणि वजा केली, तर आठव्या जागी ८ वाला पेपर येतो आणि एच-इंडेक्स तरीही आठच राहतो. पण त्या ८ मधलेही एक स्वतःचे निघाले की आठव्या जागी ७ उरतात आणि एच सातावर येतो. एकूण तीन सायटेशनांनी तो हलला, ३१० नी नाही. म्हणून दोन्ही आकडे शेजारी द्यावे लागतात. सरासरी इथे ४६ आणि मध्यक, म्हणजे क्रमाने मधोमध येणारा आकडा, १३. सरासरी लिहिणाऱ्याला मध्यक विचारा.

एच-इंडेक्स वयाबरोबर फक्त वाढतो. तिशीतल्या आणि साठीतल्या माणसांची तुलना त्यावर करू नये. करायचीच तर पहिल्या पेपरपासूनच्या वर्षांनी भागा. बाळंतपणाची रजा किंवा ग्रामीण सेवेची वर्षे त्या भागाकारात तशीच मोजली जातात, हे ध्यानात ठेवून.

गॅस्ट्रोच्या आतही विषयानुसार वाचकसंख्या फार वेगळी. आतड्यातल्या जिवाणूंवर लिहिणारे जगभर ढिगाने आहेत. पोटातल्या क्षयरोगावर, म्हणजे आपल्याकडे क्रोन्सशी (आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाशी) रोज गल्लत होणाऱ्या आजारावर, लिहिणारे थोडे. कच्ची सायटेशन ताडली तर दुसरा नेहमी हरतो. यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे, म्हणजे एनआयएचचे, आयसाइट हे फुकट साधन वापरा: पबमेड क्रमांकांची यादी चिकटवायची, ते प्रत्येक पेपरचे सापेक्ष सायटेशन गुणोत्तर देते. पेपर ज्यांच्यासोबत उद्धृत होतो त्या शेजाऱ्यांवरून त्याचे क्षेत्र ठरते, आणि १ म्हणजे त्या क्षेत्रातल्या एनआयएच-अनुदानित नेहमीच्या पेपरइतका. स्कोपसचा क्षेत्रभारित आकडा त्याच वर्षाच्या, त्याच विषयाच्या, त्याच प्रकारच्या लेखांशी तुलना करतो; तिथे १ म्हणजे जगाची सरासरी. दोन्ही आकडे ताज्या पेपरवर डळमळतात. छापून वर्ष झाले नसेल तर ती जागा कोरी ठेवा.

सायटेशन उघडून वाचा

ही पायरी सगळे वगळतात. वरचे तीन पेपर घ्या, प्रत्येकाची दहा सायटेशन उघडा आणि नाव कोणत्या वाक्यात आले आहे ते पाहा.

लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या प्यू आणि सहकाऱ्यांचा १९७३ चा पेपर शीर्षकावरून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांच्या शस्त्रक्रियेचा आहे. त्या शस्त्रक्रियेसाठी तो आज कोण वाचतो? सायटेशन येतात ती त्यातल्या, यकृतविकाराची तीव्रता मोजणाऱ्या गुणतक्त्यासाठी, ज्याला आपण चाइल्ड-प्यू म्हणतो. २००१ चा, यकृतविकाराचीच तीव्रता मोजणाऱ्या मेल्ड स्कोअरचा पेपर, १९८० चा क्रोन्ससाठीचा हार्वे-ब्रॅडशॉ निर्देशांक, १९९७ ची ब्रिस्टॉल शौच-श्रेणी, सगळ्यांचे तेच: पद्धतीच्या विभागात एक ओळ, एक संदर्भ. मापनसाधन बनवणाऱ्याचा उपयोग निर्विवाद आहे. पण दहा हजारांनी श्रेणी वापरली म्हणजे दहा हजारांनी निष्कर्ष पटवून घेतला असे होत नाही.

उलट टोक म्हणजे अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा ‘लॅन्सेट’मधला पेपर, बारा मुलांच्या आतड्यांवरचा, लस आणि ऑटिझम यांचे नाते सुचवणारा. १३ लेखकांपैकी १० जणांनी २००४ मध्ये त्यातला अर्थ मागे घेतला, फेब्रुवारी २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने पेपरच मागे घेतला. त्याची सायटेशन प्रचंड आहेत, आणि त्यातली बहुतेक तो खोटा कसा होता हे सांगणारी. कोणताही एच-इंडेक्स ती आनंदाने मोजतो. म्हणून तक्त्यातला माघारीचा स्तंभ भरताना पबमेडवरची सूचना पाहाच, आणि जोडीला मागे घेतलेल्या पेपरांचा रिट्रॅक्शन वॉच हा संग्रह; तो २०२३ पासून क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेकडे असून सर्वांना खुला आहे. दुरुस्तीपत्र आणि माघार यांत गल्लत करू नका. लेखकाच्या पत्त्यातली चूक सुधारणारे दुरुस्तीपत्र म्हणजे कलंक नव्हे.

तिसराही प्रकार असतो: काम इतके मुरते की नाव घ्यायची गरज उरत नाही. अल्सरच्या रुग्णाला प्रतिजैविके देण्याबद्दल आज लिहिणारा १९८४ चा पेपर क्वचित देतो. तो या जंतूच्या उपचारांची ताजी मास्ट्रिख्ट मार्गदर्शिका देतो. मूळ संशोधकाचा आलेख उताराला लागलेला दिसला तर हे कारण आधी तपासा. आयसाइटमध्ये चाचण्या आणि मार्गदर्शिकांकडून आलेली सायटेशन वेगळी दाखवतात. रुग्णांपर्यंत काय पोचले ते तिथून जास्त कळते.

वर्तमानपत्रांत दरवर्षी येणाऱ्या ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ’ यादीबद्दल एवढेच: ती स्टॅनफर्डचे जॉन इओआनिडिस आणि सहकाऱ्यांची, स्कोपसच्या आकड्यांवरून सहा मोजमापांचा संयुक्त गुण काढणारी. तिच्यात दोन वेगळे तक्ते असतात, एक पूर्ण कारकिर्दीचा, एक फक्त एका वर्षाचा. बातमीत कोणता, हे बहुधा लिहिलेले नसते. अर्जात लिहायचे तर तक्ता, वर्ष आणि उपशाखा तिन्ही लिहा. स्वतःची सायटेशन वगळून लागणारा क्रमांकही त्याच फाइलीत आहे. तो पाहिल्याशिवाय पेढे वाटू नयेत.

फॉर्मवर काय लिहायचे

आकड्यापुढे नेहमी तीन गोष्टी: स्रोत, तारीख, काय वगळले. उदाहरणार्थ, वरच्या संशोधकासाठी: ‘पूर्ण लेख १२, पैकी पहिला किंवा शेवटचा लेखक ७. स्कोपस, अमुक तारखेस: एकूण सायटेशन ५५३, पैकी ३१० एका बहुराष्ट्रीय मार्गदर्शिकेची, ती वगळून २४३. एच-इंडेक्स दोन्ही प्रकारे ८. परिषदांचे सारांश वेगळ्या यादीत.’ त्याखाली स्वतःचे तीन पेपर निवडून प्रत्येकी दोन ओळी: प्रश्न काय होता, त्याचा पुढे कुणी काय उपयोग केला. ‘कोणत्या मार्गदर्शिकेच्या कोणत्या शिफारशीत हा पेपर आला’ असे एक वाक्य शंभर सायटेशनांपेक्षा जड जाते, आणि ते खोटे लिहिता येत नाही, कारण समोरचा पान उघडून पाहू शकतो.

ऑनलाइन फॉर्मवर अक्षरांची मर्यादा असेल आणि एकच आकडा मावत असेल, तर नियमात सांगितलेल्या डेटाबेसचा आकडा टाका, नियम गप्प असेल तर स्कोपसचा, आणि तक्त्याची पीडीएफ जोडपत्रात लावा. त्या दिवसाच्या लेखक-पानाचे चित्रही सोबत ठेवा. मुलाखत तीन महिन्यांनी झाली आणि आकडा बदललेला दिसला, तर तेच दाखवायचे असते.